स्टर्नड्राइव्ह : वेगवान बोटींमधील मजबुती आणि मोडतोड

बोटीच्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिन या भिंतीच्या आत आणि पंखा फिरवणारा पाय भिंतीबाहेर, अशी रचना म्हणजे स्टर्नड्राइव्ह. हा पाय सुकाणूसारखा डावी-उजवीकडे वळतो आणि ट्रिमच्या, म्हणजे पायाचा कोन बदलणाऱ्या, हायड्रॉलिक रॅमवर वर-खाली होतो. अमेरिकी अभियंता जिम विन याच्या कल्पनेवरून व्हॉल्व्हो पेंटाने १९५९ साली ‘ॲक्वामॅटिक’ बाजारात आणला. १९६१ मध्ये मर्क्युरी कंपनीचा मर्क्रूझर आला. मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर मार्च २०१७ मध्ये झालेल्या पी-वन पॉवरबोट शर्यतीत आउटबोर्ड बोटी धावल्या होत्या, त्यांची रचना वेगळी: इंजिनही भिंतीबाहेरच टांगलेले.

इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोचताना दोनदा काटकोनात वळते. इंजिनाच्या कपलरमधून (जोडणीतून) निघालेला शाफ्ट गिंबल बेअरिंगमधून (ट्रान्समपाशी शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगमधून) आणि दोन युनिव्हर्सल जॉइंटमधून (कोनात वाकूनही फिरणाऱ्या सांध्यांतून) वरच्या बेव्हल म्हणजे तिरक्या दात्यांच्या गिअरांवर येतो, तिथून उभ्या शाफ्टने खाली उतरतो आणि खालच्या गिअरांतून पंख्याच्या शाफ्टला मिळतो. हे सगळे एका सडपातळ ॲल्युमिनियमच्या कवचात बसवावे लागते. कवच जाड केले तर पाण्याचा अडथळा वाढून वेग जातो, त्यामुळे गिअर हवे तितके मोठे करता येत नाहीत. या यंत्राची सगळी अडचण इथून सुरू होते.

ड्राइव्ह किती हॉर्सपॉवर सोसतो, हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न अपुरा आहे. गिअरच्या दात्यांना हॉर्सपॉवर कळत नाही, पीळ (टॉर्क) कळतो. ५०० हॉर्सपॉवरचे इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर सुमारे ७१२ न्यूटन-मीटर पीळ देते, १.५ : १ गुणोत्तरानंतर पंख्याच्या शाफ्टवर तो सुमारे १,०६८ होतो. एवढा पीळ संथ पाण्यात चांगला ड्राइव्ह तासन्‌तास सोसतो. पण लाटेवरून बोट हवेत उडाली की पंख्यावरचा भार जातो आणि इंजिन उसळी घेते. बोट परत पाण्यात आदळताच पंख्याला जोराचा ब्रेक लागतो. समजा, फिरणाऱ्या भागांचे जडत्व ०.३ किलोग्रॅम-वर्गमीटर आहे आणि ०.०५ सेकंदात फेऱ्या ५,५०० वरून ४,५०० वर आल्या. नुसत्या जडत्वाचा पीळ सुमारे ६२८ न्यूटन-मीटर भरतो, आणि इंजिनाचा चालू पीळ त्यात मिळतो. म्हणजे क्षणभर भार जवळपास दुप्पट. म्हणूनच शर्यतीच्या बोटीत सुकाणूवर एक आणि थ्रॉटलवर दुसरा माणूस असतो. बोट पाणी सोडताना थ्रॉटल मागे ओढायचा आणि पंखा पाण्यात पुन्हा धरल्यावरच हळूहळू द्यायचा, हे त्याचे मुख्य काम. बोटीचे वजनही तितकेच महत्त्वाचे: हलक्या कॅटामरानवर (जुळ्या तळांच्या बोटीवर) वर्षानुवर्षे टिकलेला ड्राइव्ह तेवढ्याच इंजिनाच्या जड व्ही-तळाच्या बोटीत एका हंगामात जाऊ शकतो.

मोडलेला ड्राइव्ह उघडला की कारण बहुधा दिसते. उभ्या शाफ्टवरच्या स्प्लाइनच्या (शाफ्टच्या लांबीने कोरलेल्या खाचांच्या) सरळ रेषा तिरक्या झाल्या असतील, तर पीळ मर्यादेबाहेर गेला होता. शाफ्ट तुटला नसला तरी तो परत वापरू नये. दात्याच्या तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारखी वलये असतील तर तडा थोडाथोडा वाढत गेला, म्हणजे धातू थकला. तोंड सगळीकडे खरखरीत असेल तर एका फटक्यात तुटले. दात्यांवर घासल्याची खूण टोकाशी किंवा कडेला एकवटली असेल तर शिम (गिअरांतले अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) चुकीचे बसवले आहेत. मर्क्रूझरच्या ब्राव्हो या ड्राइव्हमध्ये वरचे गिअर आधी जातात, हा अनेकांचा अनुभव. त्याचा शंकूच्या आकाराचा क्लच मळसूत्री स्प्लाइनवर सरकतो आणि भार वाढला की आणखी घट्ट पकडतो. जास्त फेऱ्यांवर गिअर टाकला तर शंकूचा पृष्ठभाग चकचकीत होतो आणि तो घसरू लागतो.

बऱ्याच ड्राइव्हचा खरा घात मात्र पाण्याने होतो. युनिव्हर्सल जॉइंटवरचा रबरी भाता (घड्यांचे आवरण) फाटला की खारे पाणी आधी गिंबल बेअरिंगला गाठते. वळताना येणारी घरघर ही त्याची पहिली खूण. भाता दरवर्षी तपासावा, घड्यांच्या तळाशी तडे दिसताच बदलावा. ऑइल दुधाळ निघाले तर सील गळते आहे. ड्राइव्ह रिकामा करून १० ते १२ पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाबाने हवा भरावी, ५ मिनिटे दाब टिकतो का पाहावे, मग साबणाच्या फेसाने गळती शोधावी. नवे ऑइल खालच्या छिद्रातून वर भरावे, म्हणजे हवा अडकत नाही. ऑइलच्या छिद्राच्या चुंबकीय प्लगवरचा बारीक राखाडी लेप चालतो, बोटाला टोचणारे कण चालत नाहीत. ऑइल दर १०० तासांनी बदलण्याचा नियम फिरायच्या बोटींसाठी आहे. जोरात पळवणाऱ्याने २५ तासांवर बदलावे.

इंजिनाची रेषा बिघडली की कपलरचे स्प्लाइन झिजतात. पाय काढल्यावर अलाइनमेंट बार (रेषा तपासायची दांडी) गिंबल बेअरिंगमधून कपलरमध्ये दोन बोटांनी सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर पुढच्या माउंटने इंजिनाची उंची जुळवावी.

ताकद वाढवण्याचे मार्ग दोन. एक, त्याच कवचात अधिक चांगल्या पोलादाचे गिअर आणि शाफ्ट. मर्क्युरी रेसिंगचा ब्राव्हो वन एक्सआर या वाटेचा. दुसरा, पायातून क्लचच काढून गिअरबॉक्स इंजिनाला जोडणे, जसे मर्क्रूझरच्या जुन्या टीआरएस ड्राइव्हमध्ये होते, त्यामुळे पायात मोठ्या गिअरांना जागा मिळते. मोठ्या शर्यती ड्राइव्हमध्ये त्यावर ड्राय संप येतो: ऑइल वेगळ्या टाकीत राहते, गिअर ते घुसळत नाहीत आणि उष्णता कमी होते. साध्या ड्राइव्हवर त्याऐवजी वरच्या कवचावर पाण्याचा फवारा सोडतात. फवाऱ्याने ऑइल थंड राहते. लाटेवर आदळण्याचा फटका त्याने कमी होत नाही.