पेशीला शेजार कसा, यावरही ठरतं

मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी म्हणजे प्रोस्टेट. तिच्यातल्या बारीक नलिकांना आतून पेशींचं अस्तर असतं आणि कर्करोग बहुधा या अस्तरातच सुरू होतो. नलिकांच्या मधली जागा स्नायू, तंतू, रक्तवाहिन्या आणि तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशींनी भरलेली असते. या भरावाला स्ट्रोमा म्हणतात. बरीच वर्षं त्याच्याकडे नुसता आधार म्हणून पाहिलं गेलं.

भ्रूणाच्या अभ्यासाने हा समज मोडला. संशोधक जेराल्ड कुन्हा यांनी उंदराच्या भ्रूणात जिथून प्रोस्टेट तयार होते तिथला भराव घेतला आणि त्याला प्रौढ मूत्राशयाचं अस्तर जोडलं. त्या अस्तराला चक्क प्रोस्टेटच्या ग्रंथी फुटल्या! ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते: जनुकं मूत्राशयाच्या पेशींचीच, वागणूक प्रोस्टेटची. पुढे असंही दिसलं की ग्रंथी फुटण्यासाठी पुरुषी संप्रेरकाचा निरोप भरावाच्या पेशींना कळावा लागतो. अस्तराला तो कळत नसला तरी चालतं.

मग कर्करोगात काय होतं? सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी माणसाच्या प्रोस्टेटमधल्या अशा अस्तरपेशी घेतल्या, ज्या सतत वाढत राहतील असा बदल प्रयोगशाळेत केलेला होता, पण ज्यांची एरवी गाठ होत नसे. निरोगी फायब्रोब्लास्टसोबत उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवल्या, तर त्या जेमतेम वाढल्या. कर्करोगाच्या गाठीतले फायब्रोब्लास्ट सोबत दिले, तेव्हा मोठ्या गाठी झाल्या, कर्करोगासारख्या दिसणाऱ्या. मला सर्वांत बोलका वाटतो तो तिसरा जोड: तेच बिघडलेले फायब्रोब्लास्ट, पण अस्तरपेशी पूर्ण निरोगी. गाठ झाली नाही. म्हणजे वाईट शेजार एकट्याने कर्करोग घडवत नाही. अर्ध्या वाटेवर उभ्या असलेल्या पेशीला तो पुढे ढकलतो.

उतारवयात अनेक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे बारीक ठिपके असतात आणि आयुष्यभर त्रास न देता तसेच राहतात. ते का थांबून राहतात याच्या उत्तराचा एक भाग भरावात असावा, असं मला वाटतं.

तर मग हे फायब्रोब्लास्टच मारून टाकावेत? उंदरांच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगात तसं करून पाहिलं गेलं. 2014 मध्ये निष्कर्ष आले: रोग आणखी आक्रमक झाला. त्या भरावातल्या काही पेशी गाठीला रोखूनही धरत होत्या.