तोळा, गुंज आणि प्रोटॉनचं वजन

नाशिकच्या सराफ बाजारात आज कुणी 'एक तोळा' म्हटलं की १० ग्रॅम धरले जातात. आजीच्या पाटल्या मात्र जुन्या तोळ्याच्या असतात. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे १२ मासे आणि एका माशाच्या ८ गुंजा. शब्द एक आणि वजनं दोन, म्हणून मोड देताना 'कुठला तोळा?' हे आधी विचारावं लागतं. बारावीच्या मुलांना केंद्रकाचं वस्तुमान एएमयूमधून (म्हणजे अणूंचं वजन मोजायच्या एककातून) किलोग्रॅममध्ये आणायला शिकवताना मी हाच तोळा आठवायला सांगते. एएमयूच्या बाबतीतही एके काळी अगदी असंच झालं होतं.

सुरुवात जॉन डाल्टनपासून. १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हायड्रोजनच्या अणूचं वजन १ धरलं आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना केली. लाल अंगाची, काळ्या टिकल्याची गुंज पारड्यात टाकून सराफ करायचा तेच हे काम. फरक एवढाच की एक गुंज म्हणजे किती, हे डाल्टनला ठाऊक नव्हतं. पुढची शंभर वर्षं रसायनशास्त्राकडे गुणोत्तरं होती, एका अणूचं ग्रॅममधलं वजन पक्कं नव्हतं. १८६५ साली लोश्मिटने हवेच्या रेणूंच्या आकाराचा अंदाज बांधला, पण तो ढोबळच होता.

गुणोत्तरांपासून ग्रॅमपर्यंतचा पूल बांधला तो मोजणीने. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्याँ पेरँने १९०८च्या सुमारास एका झाडाच्या पिवळ्या राळेचे अगदी सारख्या आकाराचे कण पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या उंचीवर किती कण तरंगतात ते चिकाटीने मोजलं. वर जावं तशी हवा विरळ होते, तसेच हे कणही विरळ होत जातात. त्या उतरणीवरून त्याने अव्होगॅड्रो अंक काढला, म्हणजे अणुभाराइतक्या ग्रॅममध्ये अणू किती ते. दुसरा रस्ता चांदीच्या मुलाम्याचा. मुलामा देताना १०७.९ ग्रॅम चांदी साचायला सुमारे ९६,४८५ कूलोम विद्युतभार लागतो, हे आधीच माहीत होतं. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून एका इलेक्ट्रॉनचा भार मोजला. चांदीच्या एका अणूमागे एक इलेक्ट्रॉन लागतो, म्हणून पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की तेवढ्या चांदीतले अणू किती ते कळतं: ६.०२२ × १०चा २३वा घात. मला हा भागाकार फार आवडतो, कारण त्यात एकही अणू डोळ्यांनी पाहावा लागत नाही.

मग घोळ झाला. तोवर हायड्रोजन १ऐवजी ऑक्सिजन १६ धरायची पद्धत रूढ झाली होती. १९२९ साली कळलं की नैसर्गिक ऑक्सिजनमध्ये १७ आणि १८ वस्तुमानांकाचेही समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे जरा जड अणू, असतात. रसायनवाल्यांनी नैसर्गिक मिश्रणालाच १६ धरलं, भौतिकीवाल्यांनी फक्त ऑक्सिजन-१६ला. दोन्ही मापांत दहा हजारांत पावणेतीनचा फरक. आपल्या दोन तोळ्यांपुढे हा फरक नगण्य, पण केंद्रकाच्या हिशेबात तो चालत नाही. १९५७ साली निअर आणि ओलँडर या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे तोडगा सुचवला: कार्बन-१२चा अणू नेमका १२ धरायचा. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे नवे पैसे आले. तोळा-शेराच्या जागी ग्रॅम-किलो १९५८च्या ऑक्टोबरपासून येऊ लागले. कार्बन-१२चं माप १९६० आणि १९६१मध्ये दोन्ही शास्त्रांनी मान्य केलं. जुन्या पुस्तकातला आकडा घेताना त्याचं साल बघावं ते याचसाठी.

आजचा एएमयू म्हणजे कार्बन-१२च्या अणूचा बारावा भाग, १.६६०५४ × १०चा उणे २७वा घात किलोग्रॅम. किलोग्रॅमची व्याख्याही २० मे २०१९पासून पॅरिसजवळच्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीही न बदलणाऱ्या आकड्यावर, बेतली आहे.

कणभौतिकीत वस्तुमान इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या एककात सांगतात. आइनस्टाइनच्या १९०५च्या सूत्राने ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की वस्तुमान येतं. एक एएमयू म्हणजे ९३१.४९४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि प्रोटॉन ९३८.२७२. मुलं इथे भागायचं विसरतात आणि ज्यूलमधला ऊर्जेचा आकडा किलोग्रॅम म्हणून लिहून टाकतात.

सराफ बाजारातून निघालो आहोत, तर उदाहरण सोन्याचंच घेऊ. कोष्टकात सोन्याच्या अणूचं वस्तुमान १९६.९६७ एएमयू दिलेलं असतं. ते अख्ख्या अणूचं. केंद्रकाचं हवं असेल तर ७९ इलेक्ट्रॉनचे ०.०४३ वजा करायचे. उरतात १९६.९२३, म्हणजे ३.२७० × १०चा उणे २५वा घात किलोग्रॅम. आता ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन सुटे सुटे तोलून बेरीज केली तर १९८.५९७ येते. दागिना आटवताना सराफ घट धरतो, तशी इथेही घट येते ती १.६७ एएमयूची, एका प्रोटॉनच्या दीडपटीहून जास्त. केंद्रक बांधलं जाताना ती ऊर्जा होऊन बाहेर पडलेली असते. ९३१.५ने गुणलं की आकडा मिळतो: सुमारे १,५६० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट.