‘त्रँ’चं ‘क्रँ’ का होतं?

‘बोबडा’ आणि ‘तोतरा’ हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. तोतरं मूल अडखळतं. बोबडं मूल न अडखळता एका आवाजाच्या जागी दुसराच काढतं. अडीच वर्षांच्या मुलाने ‘काका’ला ‘ताता’ म्हटलं तर घरात कौतुक होतं, व्हायलाच हवं. पाचव्या वर्षीही तेच चालू राहिलं तर तपासायला हवं. पण कशाने तपासायचं? ‘इंग्रजीत चाचण्या तयार आहेत, भाषांतर करून घ्या’ असं अगदी शिकलेली माणसंही सांगतात. हा सल्ला किती फसवा आहे, ते फ्रेंच बोलणाऱ्या मुलांकडे पाहिलं की कळतं.

आगगाडीसाठी इंग्रजी आणि फ्रेंच शब्दांचं स्पेलिंग एकच आहे. इंग्रजीत उच्चार ‘ट्रेन’, फ्रेंचमध्ये साधारण ‘त्रँ’. लहान इंग्रज मूल त्याचं ‘च्रेन’ करतं, लहान फ्रेंच मूल ‘क्रँ’. स्पेलिंग तेच, मग चूक वेगळी का?

इथे शाळेत पाठ केलेली वर्णमाला कामाला येते. तवर्ग दंत्य, चवर्ग तालव्य, कवर्ग कंठ्य. फ्रेंच ‘र’ मराठी ‘र’सारखा जिभेच्या टोकावर थरथरत नाही; तो पार मागे, पडजिभेपाशी हवा घासून निघतो. म्हणजे ‘त्रँ’ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकलेलं असतानाच तिची मागची बाजू घशाकडे उचलावी लागते. तीन वर्षांच्या मुलाची जीभ ‘र’च्या तयारीत आधीच मागे सरकते, आणि ‘त’ तिच्याबरोबर ओढला जाऊन ‘क’ होतो. कानही फसतो: ‘त’च्या शेजारी तो ‘र’ अघोष होतो (म्हणजे स्वरतंतू न थरथरता निघतो), घशातल्या खरखरीसारखा ऐकू येतो, आणि अशा खरखरीआधी ‘त’ फुटला की ‘क’, हे ओळखणं अवघड जातं. इंग्रजी ‘र’ला जीभ टाळूच्या पुढच्या भागाकडे वळते, म्हणून तिथे ‘ट’ तालव्याकडे, म्हणजे ‘च’कडे घसरतो. (स्वतः हळूहळू म्हणून पाहा, जीभ कुठे जाते ते जाणवेल.) दोन्ही मुलं आपापल्या भाषेच्या नियमानेच चुकतात. इंग्रजी चाचणीत ‘क्रँ’ ही विचित्र चूक ठरेल, फ्रेंचमध्ये ती वयाला साजेशी आहे.

दुसरं उदाहरण अस्वलाचं. फ्रेंचमध्ये अस्वल म्हणजे ‘ऊर्स’. पण ‘एक अस्वल’ म्हणताना आधीच्या शब्दाचा एरवी मुका राहणारा ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटतो आणि ऐकू येतं ‘अँ-नूर्स’, अनेकवचनात ‘ले-झूर्स’. मुलाला वाटतं, प्राण्याचं नावच ‘नूर्स’ आहे. चित्र दाखवल्यावर ते ‘नूर्स’ म्हणालं, तर उच्चारात दोष कुठे आहे? शब्द कुठे सुरू होतो, एवढंच अजून कळलेलं नाही.

अशा उत्तरांवर फुली मारण्याची किंमत मोठी असते. समजा, हजार मुलांपैकी पन्नासांना खरा उच्चारदोष आहे, आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे दोष असलेल्या आणि नसलेल्या मुलांबाबत, नव्वद टक्के अचूक आहे. ती पन्नासांतल्या पंचेचाळीस जणांना पकडेल. पण साडेनऊशे धडधाकट मुलांतल्या पंच्याण्णवांनाही पकडेल. एकूण एकशेचाळीस पालकांच्या काळजाचा ठोका चुकणार, त्यातल्या बहुतेकांच्या विनाकारण. म्हणून चाळणी, म्हणजे दोषाची शंका असलेली मुलं निवडणारी पहिली चाचणी, त्याच भाषेच्या मुलांवर बेतावी लागते. कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात अँड्रिया मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी 2011 साली 20 ते 53 महिन्यांच्या 156 मुलांचे व्यंजनोच्चार तपासून मांडले, ते याच कामाचं. फ्रान्समध्ये 2019 पासून तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे आणि बालवाडीत तीन-चार वर्षांच्या मुलांची आरोग्य तपासणी होते, त्यामुळे चाळणीसाठी मुलं एका जागी सापडतात. शंका आली की आधी कान तपासायचे, मग वाचा-उपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं.

जीभ ‘जड’ आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवणं आपल्याकडे अजून चालतं. फ्रेंचमध्येही भरभरून बोलणाऱ्याबद्दल ‘त्याला जिभेखालचा दोरा (जीभ तळाशी बांधणारी पातळ घडी) नाही’ अशा अर्थाची जुनी म्हण आहे. ‘त’ आणि ‘क’ यांतला फरक वेखंडाने शिकता येत नाही, आणि बोबडेपणाचं कारण बहुतेकदा तो दोराही नसतो. जीभ शाबूत असते, आवाजांची मांडणी बसायची असते.

क्वेबेकमधल्या मॉन्ट्रियल शहरातल्या मराठी घरात वाढणारं मूल तिथल्या चाचणीत ‘त्रँ’ जिभेच्या टोकाचा मराठी ‘र’ लावून म्हणेल. तपासणाऱ्याने त्यावर फुली मारू नये. विसाव्या शतकात घशातला ‘र’ रुळेपर्यंत त्या शहरातले फ्रेंच भाषक स्वतःच टोकाचा ‘र’ म्हणत असत.