सीताफळाला फुलं येतात, मग फळ का धरत नाही?

बालाघाटाच्या डोंगराजवळ ज्यांचं लहानपण गेलंय त्यांना सीताफळ किलोच्या भावाने विकत घेणं अजूनही जीवावर येतं. धारूर-अंबाजोगाईकडे दसऱ्याच्या सुमाराला डोंगरात गेलं की झाडंच झाडं, कोणी लावलेली नाहीत, कोणी पाणी घातलेलं नाही, शेळ्यासुद्धा पानाला तोंड लावत नाहीत. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्यासाठी ते पाटी भरून फुकट आणायचं फळ. मग माणूस शहरात येतो, गॅलरीत नाहीतर टेरेसवर एक ड्रम ठेवतो आणि त्यात हेच झाड लावतो. झाड येतं, वाढतं, फुलतं पण. आणि मग सगळ्यांची एकच तक्रार, फुलं गळून गेली, फळ एक नाही. लोक लगेच खत बदलतात, पण बहुतेक वेळा खताचा काही संबंध नसतो.

आधी रोपाचं बोलू. आंब्याची कोय लावली तर कसला आंबा येईल सांगता येत नाही, सीताफळाचं तसं नाही, बियांपासून आलेलं झाड बऱ्यापैकी आईच्या वळणावर जातं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येऊ शकतं. म्हणून खाल्लेल्या चांगल्या फळाची बी टाकायला हरकत नाही. कवच फार टणक असतं, एक दिवस पाण्यात भिजवा, तरी उगवायला महिनाभर लागतो, धीर धरा. घाई असेल तर नर्सरीतून कलम आणा, बालानगर या जातीचं किंवा बार्शीच्या नवनाथ कसपटेंनी काढलेल्या एनएमके-1 गोल्डन या जातीचं. ड्रमला खाली भरपूर भोकं पाहिजेत आणि मातीत मुरूम-वाळू पाहिजे, कारण हे झाड उन्हाला भीत नाही, तुंबलेल्या पाण्याला भितं.

आता एक गंमत बघा. सीताफळाचं जुनं पान हळूच खुडा आणि देठाचं बूड बघा, ते आतून पोकळ असतं आणि फांदीवर बरोबर त्या जागी एक बारीक लवदार कळी बसलेली दिसते. बाकीच्या झाडांची कळी पानाच्या बगलेत उघडी असते, इथे देठ तिला टोपीसारखा झाकून बसतो. म्हणजे पान गळल्याशिवाय ती कळी फुटूच शकत नाही! आणि फुलं येतात मुख्यतः नव्या फुटीवर. डोंगरात हिवाळ्याच्या शेवटी पाणी तुटतं, झाड सगळं उघडं होतं आणि मग फुटतं. टेरेसवर आपण प्रेमाने रोज पाणी घालतो, त्यामुळे जुनी पानं चिकटून राहतात आणि झाड नुसतं उभं. म्हणून जानेवारीनंतर पाणी कमी करायचं, हलकी छाटणी करायची, उरलेली पानं हाताने काढली तरी चालेल. (याच काळात झाड मेलं समजून उपटून टाकणारे लोक आहेत. बाबांनो, आधी सालीला नख लावून बघा, आत हिरवं आहे का.)

मुद्द्याचा भाग फूल. खाली तोंड करून लटकणारं, हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं, लांबून दिसतही नाही. मधोमध एक छोटा उंचवटा असतो, त्यात पुष्कळ स्त्रीकेसर एकत्र, आणि त्याभोवती पुंकेसरांची दाट कडी. दोन्ही एकाच फुलात, म्हणजे काम सोपं असं वाटेल. पण नाही. पाकळ्या जराशा फाकल्या की आधी स्त्री अवस्था, उंचवटा चिकट आणि चकचकीत. नंतर पाकळ्या पूर्ण उघडतात, पुंकेसर मोकळे होऊन पराग सांडतात, पण तोवर तो चिकटपणा वाळून गेलेला असतो. स्वतःचे पराग स्वतःच्या फारसे कामाचे नाहीत, दुसऱ्या फुलाचे कोणीतरी आणून द्यायला पाहिजेत.

हे कोण करतं? मधमाशी नाही. डोंगरात हे काम करतात अगदी बारके भुंगे, जे पिकून कुजलेल्या फळांच्या वासावर येतात आणि फुलात घुसून बसतात. झाडाखाली पडून सडलेली फळं म्हणजे त्यांचं घरदार. आपली सोसायटी झाडून स्वच्छ, मग भुंगे येणार कुठून? त्यात एप्रिल-मे ची कोरडी हवा, स्त्रीकेसर आणखी लवकर वाळतात. पावसाळी दमट हवा आली की फळं धरायला लागतात त्याचं कारण हेच.

म्हणून भुंग्याचं काम आपणच करायचं. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, पूर्ण उघडलेलं फूल वाटीवर धरून झटकलं की पिवळट-पांढरे पुंकेसर आणि पराग पडतात. मग मऊ ब्रश त्यात बुडवायचा आणि अर्धवट फाकलेल्या फुलात, पाकळी बोटाने अलगद बाजूला करून, उंचवट्याला सगळीकडून फिरवायचा. सगळीकडून हे महत्त्वाचं. फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे एक वेगळा स्त्रीकेसर, ज्या बाजूला पराग पोचले नाहीत ती बाजू वाढत नाही आणि फळ वाकडंतिकडं होतं. बाजारातलं एका अंगाला खपाटीला गेलेलं सीताफळ बघितलंय ना, बऱ्याचदा तीच भानगड.

फळ धरलं की तयार व्हायला साधारण चार महिने. तोडायची खूण गावाकडे सगळ्यांना माहिती, डोळे उघडले पाहिजेत, म्हणजे डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट-पांढऱ्या दिसायला लागल्या पाहिजेत. त्याआधी तोडलं तर नीट पिकत नाही, जास्त थांबलं तर झाडावरच फुटतं नाहीतर खारूताई आधी जेवते. आजी तांदळाच्या डब्यात किंवा पेंढ्यात ठेवायची ते उगाच नव्हतं, फळातून निघणारा इथिलीन वायू तिथे कोंडून राहतो आणि पिकणं जोरात होतं. कच्चं फळ फ्रिजमध्ये मात्र अजिबात नको, थंडीने साल काळी पडते आणि पिकणं बिघडतं.

बी गिळली तर पोटात झाड येतं अशी भीती आम्हाला घालायचे. अख्खी बी टणक कवचामुळे तशीच बाहेर पडते, पण फोडलेल्या बीचा गर विषारी असतो. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावायचा जुना उपाय अजून काही घरांत चालतो, तो कृपया बंद करा, ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत.

आणि हो, खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर पिठ्या ढेकूण (पांढरी, पीठ लागल्यासारखी दिसणारी कीड) आहे का ते बघा, कारण मुंग्या त्याच्या गोड चिकट स्रावासाठी त्याला राखतात. पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि खोडाला कागद गुंडाळून त्यावर ग्रीसची पट्टी लावा, थेट सालीवर नको.