काऊ दाराबाहेरच का?

चिऊकाऊची गोष्ट ऐकताना मला कायम काऊचीच दया यायची. शेणाचं घर गेलं वाहून, धो धो पाऊस, बिचारा दार वाजवतोय आणि आतून काय तर थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते, थांब, बाळाला झोपवते. घरात धाकटं भावंड आलं की मोठ्याला दिवसभर हेच तर ऐकू येतं! हा अर्थ माझा बरं का, कुठल्या पुस्तकातला नाही, पण मी घरात थोरला.

एरिक बर्न नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी मनाच्या तीन अवस्था मांडल्या, पालक, प्रौढ आणि बालक. हल्ली सगळे इनर चाइल्ड इनर चाइल्ड करतात ना, त्याच्या जवळचं हे बालक. म्हणजे मेंदूत कुठे छोटा बंड्या बसलेला नसतो, लहानपणी ज्या भावना आणि रिअ‍ॅक्शन अंगवळणी पडल्या त्याच पुन्हा वर येतात, बॉस नुसतं 'नंतर बोलू' म्हणाला तरी चाळिशीतल्या माणसाचा चेहरा पडतो तो हाच प्रकार. बर्न यांचं म्हणणं, आयुष्याची स्क्रिप्ट मूल लहानपणीच मनाशी ठरवून टाकतं आणि तिचा साचा बरेचदा एखाद्या परीकथेत सापडतो. म्हणून मग लहानपणी कुठली गोष्ट आवडायची हा त्यांचा प्रश्न. मला तर वाटतं गोष्टीपेक्षा माणूस ती सांगतो कशी ते बघावं, काय विसरतो, कोणाची बाजू घेतो. अर्थात ही ब्लड टेस्ट नाही, बोलायला एक निमित्त, एवढंच.

गोष्टींतल्या सावत्र आईचं तर फारच भारी आहे. ग्रिम बंधूंच्या परीकथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली! पुढे मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी परीकथांवरच्या १९७६ च्या पुस्तकात लिहिलं की सावत्र आई मुलाच्या सोयीची असते, आईवरचा सगळा राग तिच्यावर काढता येतो आणि खरी आई मनात चांगलीच राहते. पटतं, पण ही सोय मुलांनी नाही, संपादकांनी म्हणजे ग्रिम बंधूंनी केली होती हेही लक्षात ठेवायला हवं. (बेटेलहाइम यांच्यावर नंतर दुसऱ्यांचं लिखाण उचलल्याचा आरोपही झाला, त्यामुळे त्यांचं सगळंच डोळे मिटून घेऊ नये.) त्यांचा अजून एक आग्रह होता, गोष्टीतलं भीतीदायक काही गाळू नका, मुलाच्या मनात भीती आधीच असते, गोष्टीत तिला निदान तोंड आणि शेवट मिळतो.

आमच्या आजीच्या गोष्टीत चिऊताई शेवटी दार उघडून काऊला तापलेल्या तव्यावर बसवायची. मुलीला सांगताना मी तवा गाळतो, काऊ चुलीपाशी शेकत बसतो आणि झोपतो. परवा गोष्ट संपली तरी ती डोळे मिटेना.

"बाबा, तवा राहिला."

तिच्या आजीकडून आधीच ऐकून आली होती.