येशूवरचा सिनेमा म्हणजे मुलांना चालणारच?

गुड फ्रायडे जवळ आला की हा समज पुन्हा फिरतो: बायबलवरचा सिनेमा आहे, मुलांना बिनधास्त दाखवा. तसं नाही. ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ला (२००४) अमेरिकेत रक्तपातामुळे ‘आर’ मानांकन मिळालं. तिथे १७ वर्षांखालच्यांसोबत पालक लागतो. त्यात संवाद अरामी, हिब्रू आणि लॅटिन. सबटायटल वाचता न येणाऱ्या मुलाच्या वाट्याला उरतात फक्त फटके आणि रक्त. क्षमेचे शब्द निसटतात, म्हणजे मुख्य गोष्टच हुकते.

भारतात सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात आता यूए ७+, १३+, १६+ असे वयोगट आहेत. ते पालकांसाठी सूचना. सिनेमा शुभवर्तमानाला (बायबलमधल्या येशूच्या चरित्राला) धरून आहे का, हे प्रमाणपत्र सांगत नाही. म्हणून अटकेपासून क्रूसापर्यंतचा भाग आधी स्वतः पाहा. धाकट्यांना तोवर येशूच्या दाखल्यांचे (बोधकथांचे), चमत्कारांचे प्रसंग दाखवा.