तळ्याच्या काठाचे आणि मधले रहिवासी

होडीने तळ्याच्या मधोमध जाऊन बारीक जाळीतून पाणी गाळलं, की बाटलीत असंख्य ठिपके नाचताना दिसतात; हे तळ्यातले इवले प्राणी. सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायला बसलं, तर जाती मात्र मोजक्याच निघतात. तेवढंच पाणी काठावरच्या पाणवनस्पतींमधून घेतलं, तर बहुधा कितीतरी जास्त जाती सापडतात. म्हणून फक्त मधलं पाणी तपासून तळ्यात किती जाती आहेत हे सांगणं मला पटत नाही.

काठावर आडोसे पुष्कळ आणि प्रत्येक आडोशाला वेगळं खाणं. सायडा हा जलपिसूंपैकी, म्हणजे पाण्यातल्या इवल्या कवचधारी प्राण्यांपैकी, एक. त्याच्या मानेमागे चिकट ग्रंथी असते. तिच्या आधाराने तो पानाला पाठ चिकटवून निवांत राहतो आणि पाय हलवून पाणी स्वतःकडे ओढत त्यातलं शैवाल गाळून खातो. अगदी कडेच्या ओल्या वाळूतही, दोन कणांमधल्या पाण्याच्या पापुद्र्यात, रोटिफर आणि आठ पायांचे टार्डिग्रेड हे सूक्ष्म प्राणी राहतात. रोटिफर एकदा तरी पाहावाच. डोक्यावरच्या केसांचं कडं चाक फिरल्यासारखं दिसतं आणि पारदर्शक अंगातून आतले जबडे घास चावताना स्पष्ट दिसतात. हे सगळं अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान देहात!

मधल्या उघड्या पाण्यात लपायला जागा नाही. तिथे पारदर्शक अंग कामी येतं, नाहीतर काटे. ॲस्प्लँक्ना हा शिकारी रोटिफर पाण्यात एक रसायन सोडतो. त्याची चाहूल लागली, की ब्रॅकिओनस या दुसऱ्या रोटिफरची पुढची पिढी लांब काटे घेऊनच जन्माला येते आणि शिकाऱ्याला ती गिळता येत नाही. डॅफ्निया या जलपिसूची युक्ती निराळी: दिवसा खोल अंधारात जायचं आणि रात्री वर येऊन शैवाल खायचं, कारण मासे उजेडात पाहून टिपतात. जलपिसूंची ही ये-जा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी 1817 मध्येच नोंदवली होती.

खोल तळ्यात उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे तळाशी ऑक्सिजन कमी पडतो. अशा पाण्यात राहिलेला डॅफ्निया हिमोग्लोबिन वाढवतो आणि चक्क लालसर दिसू लागतो. गाळात सूत्रकृमी आणि शिंपल्यासारख्या कवचातले ऑस्ट्रॅकॉड असतात.

त्याच गाळात डॅफ्नियाची टणक वेष्टणातली अंडीही पडून असतात. दिवस वाईट आले, की मादी ती टाकते. गाळ वर्षानुवर्षं थरावर थर साचत जातो, त्यामुळे जितकं खोल जावं तितकी जुनी अंडी मिळतात. अशा थरांमधून काही दशकांपूर्वीची अंडी काढून शास्त्रज्ञांनी ती उबवली आहेत. त्यातून निघालेली पिल्लं आजच्या डॅफ्नियाशेजारी ठेवून दोघांमधला फरक तपासता येतो.